फोर्ट विल्किन्स : लढाई न पाहिलेला किल्ला

अमेरिकेच्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागातून किवीनॉ हा द्वीपकल्प लेक सुपीरियरच्या पाण्यात वाकड्या बोटासारखा शिरलेला असून, त्याच्या टोकाशी कॉपर हार्बर नावाचे लहानसे गाव वसलेले आहे. गावाच्या पूर्वेस, उत्तरेकडचे हे महासरोवर आणि दक्षिणेकडचे फॅनी हू नावाचे चिंचोळे तळे यांच्यामधल्या पट्टीत फोर्ट विल्किन्स हा लष्करी किल्ला १८४४ साली बांधला गेला. सह्याद्रीतील गडकोटांवर नजर तयार झालेल्या मराठी वाचकाची येथे पहिल्या दर्शनी निराशा होण्याचा संभव आहे, कारण या किल्ल्याला ना कातळकडा ना बुरूज. मधले कवायतीचे मैदान, त्याभोवती ओंडक्यांच्या बराकी, भटारखाना, दवाखाना, कोठारे, आणि या सर्वांस उभ्या लाकडी खांबांचे कुंपण, एवढाच त्याचा पसारा आहे.

असा किल्ला या आडबाजूस उभारण्याचे कारण तांबे हे होते. राज्याचे भूवैज्ञानिक डग्लस हॉटन यांनी १८४१ साली या प्रदेशातील तांब्याविषयी अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी ला पॉइंट येथे झालेल्या करारान्वये ओजिब्वे या मूळ रहिवाशांकडून हा मुलूख अमेरिकी सरकारने आपल्या ताब्यात घेतला. त्यानंतर खाणवाल्यांची जी झुंबड उडाली ती कॅलिफोर्नियातील सोन्याच्या प्रसिद्ध धावपळीच्याही काही वर्षे आधीची होय. खाणवाले आणि ओजिब्वे यांच्यात संघर्ष पेटेल या धास्तीने सरकारने पायदळाच्या दोन तुकड्या येथे धाडल्या आणि तत्कालीन युद्धमंत्री विल्यम विल्किन्स यांचे नाव ठाण्यास दिले. प्रत्यक्षात तसा संघर्ष झालाच नाही. १८४६ साली मेक्सिकोशी युद्ध जुंपताच शिबंदी हलविण्यात आली, यादवी युद्धानंतर १८६७ ते १८७० या काळात ती पुन्हा येथे राहिली, आणि मग ठाणे कायमचे रिकामे झाले. दोन्ही खेपा मिळून सैन्याचा येथील मुक्काम पाच-सहा वर्षांपलीकडे गेला नाही.

तेव्हा या किल्ल्याचा अर्थ लढाईत शोधण्यापेक्षा अंतरात आणि हवामानात शोधणे अधिक योग्य ठरते. पहिल्या तुकड्या येथे आल्या तेव्हा लेक सुपीरियरच्या तोंडाशी असलेल्या सू सेंट मेरी येथील जलपाशांचे, म्हणजे दरवाजे व पाण्याची पातळी यांच्या साहाय्याने जहाजे वर-खाली करणाऱ्या कालव्याचे, काम झालेले नव्हते. तो कालवा १८५५ साली खुला झाला. तोपर्यंत खालच्या सरोवरांतून आलेला माल धबधब्यासारख्या ओढीच्या प्रवाहाशी उतरवून घ्यावा लागे, जमिनीवरून वर न्यावा लागे आणि पुन्हा दुसऱ्या जहाजात चढवावा लागे. त्यातही हिवाळ्यात जहाजांची ये-जा थांबली की वसंतापर्यंत नवे पीठ, मीठ वा पत्र येण्याची आशा नसे. बर्फाचे म्हणावे तर १९७८-७९ च्या एका हिवाळ्यात किवीनॉमध्ये ३९० इंच, म्हणजे सुमारे दहा मीटर हिमवृष्टीची नोंद झाली. हे ध्यानात ठेवून कोठारे आणि भटारखाना पाहिले, तर शस्त्रांपेक्षा शिधा येथे मोलाचा का होता हे सहज उमगते.

तळ्याच्या नावाची कथाही या एकलकोंड्या जीवनाशी निगडित आहे. फॅनी हू ही येथील एका लेफ्टनंटची मेहुणी असून ती १८४४ साली पाहुणी म्हणून आली होती. ती या तळ्यात बुडून मेली अशी दंतकथा पर्यटकांना आजही मोठ्या चवीने ऐकविली जाते. वस्तुतः ती व्हर्जिनियास सुखरूप परतली आणि पुढे तिचा विवाहही झाला.

१९२३ साली हे स्थळ राज्य उद्यान झाले आणि मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतून इमारतींची डागडुजी झाली. आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी बऱ्याचशा मूळच्या आहेत, काही मूळ जागी नव्याने बांधलेल्या आहेत. विवाहित शिपायांच्या खोपट्यांवर मात्र अधिकाऱ्यांच्या निवासांपेक्षा जास्त वेळ घालवावा, कारण शिपायांच्या बायका पलटणीचे कपडे धुऊन संसाराला कसा हातभार लावीत, हे तेथे अधिक स्पष्ट दिसते. उन्हाळ्यात त्या काळच्या वेशातील मार्गदर्शक १८७० चा काळ उभा करतात.

हे सारे पाहण्यास आरव्ही, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व न्हाणीघराची सोय असलेले प्रवासी वाहन, विशेष उपयोगी पडते. महाराष्ट्रानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. मात्र उत्तर अमेरिकेत या वाहनांसाठी मुक्कामतळांचे जे दाट जाळे आहे, त्याशिवाय अशा प्रवासाची खरी सोय होत नाही. हॉटन आणि हँकॉक या गावांमधील उचलता येणारा पूल ओलांडल्यावाचून द्वीपकल्पाच्या उत्तर भागात रस्त्याने जाता येत नाही; तेथून यूएस-४१ हा महामार्ग कॉपर हार्बरकडे जातो आणि शेवटच्या टप्प्यात दाट झाडीतून वळणे व चढउतार घेत राहतो, त्यामुळे लांब गाडी हाकणाऱ्याने घाई करू नये. याच महामार्गाचे दुसरे टोक सुमारे ३,२०० किलोमीटरवर फ्लोरिडातील मायामी येथे आहे, आणि उत्तरेकडचे टोक किल्ल्याच्या थोडे पुढे जंगलात संपते. कॉपर हार्बरजवळच्या ब्रॉकवे पर्वतावरचा १९३३ मधील रस्ता अतिशय देखणा असला तरी मोठी आरव्ही तळावर ठेवून लहान गाडीनेच तेथे जाणे शहाणपणाचे.

उद्यानातील मुक्कामतळ किल्ल्याच्या पूर्वेस व पश्चिमेस, फॅनी हू तळ्याच्या काठाने पसरलेला आहे. ठरलेल्या जागेवर गाडी लावून विजेची जोडणी घेता येते. पिण्याचे पाणी मात्र मुक्कामाआधी टाकीत भरून ठेवावे, आणि न्हाणीचे व शौचालयाचे पाणी साठविणाऱ्या वेगळ्या टाक्या निघताना सांडपाणी केंद्रावरच रिकाम्या कराव्यात. ती केवळ शिस्त नव्हे, काठावरचे तळे नितळ ठेवण्याची अटही आहे. मुक्कामाची जागा आगाऊ नोंदवावी लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऐनवेळी ती मिळण्याचा भरवसा धरू नये. मिशिगनमधील राज्य उद्यानांत वाहनासाठी रिक्रिएशन पासपोर्ट नावाचा परवानाही लागतो, तो मुक्कामाच्या शुल्काहून वेगळा असतो. शेकोटीचे सरपण दूरवरून आणू नये, कारण २००२ साली डेट्रॉइट परिसरात सापडलेली, अॅश जातीची झाडे पोखरणारी कीड अशा लाकडांतूनच नव्या जंगलांत पोहोचते. सरपण मुक्कामाजवळच विकत घ्यावे.