मोटारीची मागील उंची

ज्या खर्ड्यास १७९५ सालीं मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला, तेथील खडकाळ वाटांवर आज उंच जीपगाडी हवीशी वाटते. त्यासाठीं मागील आंस व पाटे यांच्यामध्यें लोखंडी ठोकळे बसवितात. सांगाडा वर उठतो. आंस मात्र आहे तेथेंच राहतो, आणि त्यावरील डिफरन्शियलचा गोळा दगडास पूर्वीसारखाच लागतो. तो उचलावयाचा तर चाकच मोठें हवें. उलट गुरुत्वमध्य चढल्यानें वळणावर गाडी कलंडण्याचें भय वाढतें, प्रोपेलर शाफ्टचे सांधे लवकर झिजतात, व रात्रीं दिव्यांचा झोत जमिनीकडे झुकतो. ऐट महागच म्हणावयाची! शिवाय कारखान्याच्या मूळ रचनेशीं विसंगत फेरफारास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मनाई करतें. ठोकळे काढून मागची बाजू उतरवितांना पाटे जखडणारे यू-बोल्ट नवे, नेमक्या लांबीचे घ्यावेत. जुने ताणलेले असतात.