दोन तासांच्या आतली साखर

१९८८. मिनेसोटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांचा हिशेब मांडला. मधुमेह नसलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्ण तिशी गाठत होते. मधुमेह जडलेल्यांत हेच प्रमाण २५ टक्क्यांच्याही खाली होतं.

या जन्मजात आजारात शरीरातले स्राव चिकट होतात. फुप्फुसांत कफ साचून जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, हळूहळू ते निकामी होतं आणि इन्शुलिन कमी पडू लागतं. तेव्हा मधुमेह होण्यात नवल नव्हतं. कोडं पुढेच होतं. निदानाच्या दोन-चार वर्षं आधीपासून रुग्णांचं वजन आणि श्वासाची ताकद घसरत होती, आणि साखरेचे रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’!

दोष चाचणीच्या वेळेत होता. उपाशीपोटी रक्त घ्यायचं, ग्लुकोजचं पाणी पाजायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त. या रुग्णांत इन्शुलिन उशिरा स्रवतं. साखर मधेच उसळते आणि दुसरी सुई टोचेपर्यंत खालीही येते. चोर निघून गेल्यावर पहारेकरी फेरी मारत होता म्हणा ना!

सिडनीत शिहाब हमीद आणि सहकाऱ्यांनी ३३ मुलांच्या बाबतीत ही मधली वेळ तपासली. चाचणीत दर अर्ध्या तासाला रक्त घेतलं; शिवाय कातडीखालची साखर दर पाच मिनिटांनी नोंदवणारा सेन्सर लावला. मग मागच्या वर्षभरातलं वजन शेजारी ठेवून पाहिलं. दोन तासांच्या आकड्याचा घसरणीशी संबंधच लागेना. सेन्सरचा लागला. दिवसातला साडेचार टक्के वेळ, म्हणजे जेमतेम ६५ मिनिटं, साखर १४० मिलिग्रॅमच्या वर राहिली, तर ती वजन घसरल्याची खूण ठरत होती. २०१० साली हे प्रसिद्ध झालं.

१४० म्हणजे साधी जेवणानंतरची साखर, असं वाटेल. पण लंडनमध्ये एमा बेकर यांच्या गटाला २००७ मध्येच दिसलं होतं की रक्तातली साखर साधारण याच पातळीच्या पुढे गेली की श्वासनलिकांतल्या ओलाव्यात झिरपते. जंतूंना आयतं खाद्य! त्यात इन्शुलिन कमी पडलं की स्नायूही झिजतात.

राहिला प्रश्न भाकिताचा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं प्रौढ रुग्णांबाबत त्याचं उत्तर दिलं: सेन्सरवर ज्यांची साखर २००च्या पलीकडे गेली, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त.

तरी नियम अजून जुनाच आहे. वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोजचं पाणी, आणि निदान मुख्यतः त्यावरच. सेन्सरच्या कोणत्या आकड्याला मधुमेह म्हणायचं यावर एकमत होईपर्यंत तसंच चालणार, हे समजू शकतं. पण विनाकारण वजन उतरणाऱ्या मुलाच्या दंडावर सेन्सर लावायला त्या एकमताची वाट पाहणं मला तरी पटत नाही.