गिरणगावात खोली घेताना
लोणावळ्याहून गाडीत बसलं की दादर. तिथून जवळच लालबाग-परळ, म्हणजे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढं गिरण्या बंद पडत गेल्या. आता तिथं टॉवर दिसतात. चाळीतली खोली कुणी देऊ केली, तर आधी विचारूया, मालकीची की पागडीची? पागडीत आपण भाडेकरूच राहतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पागडीला मान्यता आहे. तरी घरमालकाची लेखी संमती आणि भाडेपावती नावावर हवीच. पुनर्विकासात हीच पावती आपला मोठा आधार. दागिने मोडून, बचत गटाचं कर्ज काढून पैसे उभे करतो आपणच. मग पावतीवर आपलंही नाव लावून घेऊया.