विश्लेषण : एकट्याच्या सागरी शर्यतीत संकट आले, तर वाचवतो कोण?

जानेवारी २०२१ मध्ये ‘वाँदे ग्लोब’ शर्यतीची अंतिम रेषा शार्ली दालँ यांनी सर्वांत आधी ओलांडली. विजेते मात्र त्यांच्या काही तास मागून आलेले यानिक बेस्तावेन ठरले. असे का झाले?

शर्यतीचे स्वरूप काय?

दर चार वर्षांनी फ्रान्सच्या ले साब्ल-दोलॉन बंदरातून ही शर्यत सुटते. सुमारे १८ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून एकट्याने, विनाथांबा आणि बाहेरची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायची असते. झोपही तुकड्या-तुकड्यांत, तेवढा वेळ नौका स्वयंचलित सुकाणूवर चालते.

नेमके काय घडले?

३० नोव्हेंबर २०२० रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये केव्हिन एस्कोफिए यांची नौका लाटेत शिरून दुमडली. काही मिनिटांतच त्यांना जीवरक्षक तराफ्याचा आसरा घ्यावा लागला. आयोजकांनी जवळच्या स्पर्धकांना शोधासाठी वळवले. अखेर ६१ वर्षांच्या झाँ ल काम यांनी रात्रीच्या अंधारात एस्कोफिए यांना आपल्या नौकेवर घेतले.

बचाव पथके का पोहोचत नाहीत?

हेलिकॉप्टरचा पल्ला किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरच असतो आणि जहाजांना पोहोचायला काही दिवस लागतात. २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’ची डोलकाठी २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात मोडली. पाठीच्या कण्याला गंभीर इजा झालेल्या टॉमींना ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने बाहेर काढले ते २४ तारखेला. त्यामुळे अशा ठिकाणी सर्वांत जवळचा आधार बहुधा प्रतिस्पर्ध्याचाच असतो.

वाचवणाऱ्याचे नुकसान होत नाही का?

संकटातील माणसाला मदत करणे हे सागरी कायद्यानुसार कर्तव्यच आहे. पण त्यात गेलेल्या वेळेने शर्यत हातची जाऊ नये, म्हणून पंच भरपाई देतात. ल काम यांना १६ तास १५ मिनिटे, बेस्तावेन यांना १० तास १५ मिनिटे, तर बोरिस हेरमान यांना ६ तास मिळाले. याच हिशेबाने बेस्तावेन २ तास ३१ मिनिटांनी जिंकले.

पुढे काय झाले?

२०२२ च्या ‘गोल्डन ग्लोब’मध्ये कर्स्टन नॉयशेफर यांनी वाट बदलून नौका बुडालेल्या तापिओ लेहतिनेन यांना वाचवले आणि एप्रिल २०२३ मध्ये शर्यतही जिंकली. दुसरे आले अभिलाष टॉमी.