हरेगावची मतमाउली यात्रा: दर्शनाकडून सेवेकडे

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. तिथे दर सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरियेची, यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. यात्रेआधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना चालते, मग मुख्य मिस्सा होते. काही भाविक पायी येतात. इतर धर्मांचे लोकही नवस फेडायला, मेणबत्ती लावायला येतात.

यात्रेचा खरा कस दर्शनाच्या रांगेत लागत नाही, पापनिवेदनात लागतो. पापनिवेदन करणारा माणूस आपल्या वागण्याचा हिशेब देवापुढे मांडतो. कुणाशी वैर धरलं, कुणाला मदत नाकारली, हे मोकळेपणाने बोलतो. तिथूनच श्रद्धा नव्याने उभी राहते.

ही श्रद्धा सेवेत कशी उतरते, यासाठी मरियेचं उदाहरण बघा. लूकच्या शुभवर्तमानानुसार देवदूताचा निरोप ऐकताच ती घाईने डोंगराळ मुलखात निघाली. उतारवयात गरोदर असलेल्या नातलग अलीशिबेकडे ती सुमारे तीन महिने राहिली.

सेवेची हीच वाट आपल्या जिल्ह्यातही दिसते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच, कमी शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यंदा हरेगावला जाणार असाल, तर नवसासोबत एक संकल्पही करा: शेजारच्या आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याचा, एखाद्या मुलाची फी भरण्याचा. आणि घरी परतल्यावर त्याच आठवड्यात तो पूर्ण करा. 🙏