ऑफ तासाला ग्रंथालय

सकाळी ९:१५
शाळा साडेदहाची, पण माझं काम घरच्या वायफायवर आधीच सुरू होतं. शाळेतलं नेट कार्यालयातल्या संगणकापाशीच थांबतं, ग्रंथालयापर्यंत येत नाही. दिवसभर जे लागेल ते पेन ड्राइव्हवर घेऊन निघायचं.

आज पाचवीसाठी 'स्टोरीवीव्हर'वरच्या गोष्टी. 'प्रथम बुक्स'नं हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू केलं. मराठी चित्रपुस्तकं तिथं फुकट मिळतात. परवाना मुक्त असल्यामुळे मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून ती छापता येतात, वाटता येतात, आपल्या बोलीत फिरवूनही घेता येतात. वाचनाच्या पातळ्या पाडलेल्या आहेत, त्यामुळे निवड सोपी वाटते. पण तिथं भाषांतर कुणालाही करता येतं, आणि काही गोष्टी नावालाच मराठी असतात. म्हणून मी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं वाचून बघते. स्वयंपाकघरातून घरचे विचारतात, कुणाशी बोलतेस? जीभ अडखळली की गोष्ट बाद.

१०:५०
परिपाठ झाला. परत आलेल्या पुस्तकांचा टेबलावर ढीग. एकात खूण म्हणून एसटीचं तिकीट, दुसऱ्याचं शेवटचं पान गायब. रहस्यकथेचं शेवटचं पान नेणाऱ्याला काय म्हणावं!

११:३०
गणिताचे सर रजेवर, म्हणून पाचवी 'ब' ग्रंथालयात. आमच्याकडे मुलं ग्रंथालयात येतात ती बहुधा अशीच, कुणीतरी रजेवर गेल्यावर.

प्रोजेक्टर लावला. रंगीत पानं छापायची तर शाई परवडत नाही, भिंतीवर मात्र वाघ हवा तेवढा मोठा होतो. मी एक वाक्य वाचायचं, पुढचं मुलांनी. मागच्या बाकावरचा एकजण नुसते ओठ हलवत होता. अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. अक्षरं ओळखतात, वाक्य हाती लागत नाही. त्याला पहिल्या पातळीचं छापील पुस्तक दिलं, तर त्यानं दोन बोटांनी धरून परत केलं.

"बाई, हे बारक्या पोरांचं आहे."

बरोबरच आहे त्याचं. पानावर एक ओळ आणि एक बदक, शेजारी बसलेला मित्र जाडजूड पुस्तक घेऊन. म्हटलं, "तुझी बहीण अंगणवाडीत आहे ना? तिला वाचून दाखव. तिनं मध्येच प्रश्न विचारले तर सांगता आलं पाहिजे, म्हणून आधी इथं सराव कर." पुस्तक गेलं दप्तरात. पातळ्या संकेतस्थळ ठरवून देतं, पण कमी पातळीचं पुस्तक मुलाच्या हातात देताना त्याचा मान कसा राखायचा, हे तिथं कुठं लिहिलेलं नसतं.

दुपारी १:२०
मधली सुट्टी. डबा खाऊन सातवीच्या मुली आल्या. त्यांना 'किशोर'चा नाद लागलाय. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक ई-बालभारतीवर फुकट वाचता येतात. आमचा खेळ असा: आपल्या आईचा किंवा वडिलांचा जन्म ज्या महिन्यातला, त्या महिन्याचा अंक सापडतोय का बघायचं, त्यातलं एक पान घरी वाचून दाखवायचं. एकीच्या वडिलांनी म्हणे अख्खा अंक मोबाइलवर मागवून घेतला. मुलीनं गोष्ट वाचली की नाही, कोण जाणे, वडिलांनी वाचली.

दीक्षा ॲप आणि पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोडही आहेत, पण ते अभ्यासाचे. अवांतर वाचनाला त्यांचा उपयोग बेताचाच.

२:१५
संगणकावर नोंदी. 'कोहा' ही फुकट, मुक्त प्रणाली मूळची न्यूझीलंडची. एनआयसीची 'ई-ग्रंथालय'ही आहे. दोन्ही उत्तम. पण इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की माहिती बहुधा आपसूक येते, तसं मराठीत क्वचितच होतं. आमच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांना तो क्रमांकच नाही. सगळं हातानं टाइप करायचं. त्यात एकानं 'भा. रा. भागवत' लिहिलेलं, दुसऱ्यानं मधली जागा गाळून 'भा.रा.भागवत', तिसऱ्यानं 'भागवत, भा. रा.'. संगणकाच्या लेखी हे तीन लेखक. मुलानं शोधलं की तिसरा हिस्साच पुस्तकं दिसतात. आज दुपार त्यांना एकत्र आणण्यात गेली. एवढं करून लाल कापडी बांधणीची दाखल नोंदवही वेगळी लिहायचीच, कारण तपासणीला आलेले साहेब तीच मागतात.

३:३०
भागवतांचंच नाव पुन्हा निघालं. शिक्षकांच्या ग्रुपवर 'फास्टर फेणे'ची पीडीएफ आली, खाली सरांचा निरोप: "बाई, मुलांच्या ग्रुपवर टाका." मी टाकली नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरची साठ वर्षं लेखनहक्क राहतो. भागवत २००१ साली गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत हे स्कॅन वाटणं चोरीच. साने गुरुजी १९५० साली गेले. 'श्यामची आई' २०११ पासून मोकळी आहे, ती खुशाल वाटा. सर म्हणाले, "एवढं कोण बघतंय?" मराठी बालसाहित्याच्या आवृत्त्या निघायच्या तर कुणीतरी विकत घ्यायला हवं, आणि ते शाळेनं नाही तर कुणी? फेणे कपाटात आहे. रांग लावा.

४:१०
नववीतला एक मुलगा कथा-कादंबरीला हात लावत नाही. त्याला अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरून काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे आकार करायची कृती काढून दिली होती. आज घनाकृती घेऊन आला. कृती तीनदा वाचावी लागली, असं कुरकुरत सांगितलं. मी वाचनाच्या वहीत त्याच्या नावापुढे नोंद केली. कृती वाचणं हे वाचन नाही असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही.

५:२०
कुलूप लावलं. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, सगळी शाळा मैदानात पुस्तक उघडून बसते आणि फोटो वर पाठवले जातात. फुकट पुस्तकं आता इतकी आहेत की निवडायलाच वेळ पुरत नाही. तुटवडा आहे तो वेळापत्रकातल्या चौकोनाचा. मुख्याध्यापकांना एवढंच सांगणं: जूनमध्ये वेळापत्रक आखाल, तेव्हा प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा द्या, आणि कुणी रजेवर गेलं म्हणून तो तास काढून घेऊ नका.