व्हॉसचं विरजण

घरी बिअर करणारा माणूस जगात कुठेही असो, त्याची अर्धी धडपड यीस्टला थंड ठेवण्याची असते. लागर करायची तर ८ ते १३ अंश सेल्सियस, एल करायची तर १८ ते २२. पारा त्याच्या फार वर गेला की यीस्ट बेताल होतं, बिअरमध्ये नको ते जड मद्यार्क उतरतात आणि ग्लास नाकाशी नेला की थिनरचा वास येतो. म्हणून कुणी जुना फ्रिज मिळवतो, कुणी पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळून वर पंखा लावतो. पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉसचे सिगमुंड येर्नेस यांना यातलं काहीच करावं लागत नाही. ते आपलं यीस्ट सोडतात ३९ अंशांवर, म्हणजे माणसाला या तापमानाचा ताप चढला तर आपण डॉक्टर गाठू. बिअर मात्र अजिबात बिघडत नाही. आंबण्याचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं आणि बिअरला संत्र्याच्या सालीचा वास येतो.

या यीस्टला तिथे क्वाइक म्हणतात. ते कारखान्यातून आलेलं नाही, प्रयोगशाळेतून तर नाहीच. शेतकऱ्यांच्या घरांत ते पिढ्यानपिढ्या सांभाळलं गेलं. एका घरचं बिघडलं तर शेजारच्या घरून मागून आणायचं, आपलं चांगलं असेल तर मागेल त्याला द्यायचं. आपल्याकडे विरजण असंच फिरतं, त्यामुळे मराठी वाचकाला क्वाइक समजायला फारसा वेळ लागू नये. फरक इतकाच की विरजण रोज लागतं आणि बिअर वर्षातून दोन-तीनदाच व्हायची: नाताळला, लग्नाला, गवत कापणीला, कुणी गेलं तर दिवसकार्याला. मधल्या काळात हे यीस्ट जिवंत ठेवायचं कसं, हा खरा प्रश्न होता, आणि त्या लोकांनी तो फार देखणेपणानं सोडवला.

नॉर्वेतल्या संग्रहालयांत लाकडाची कडी मांडलेली दिसतात. बोटभर लांबीचे, कोरून घडवलेले लाकडाचे तुकडे एकमेकांत अडकवून केलेली माळ. पहिल्या नजरेला तो दागिना वाटावा किंवा खेळणं. तुकड्यांना मुद्दाम खाचा आणि कोपरे ठेवलेले असतात, कारण जितका पृष्ठभाग अधिक तितकं यीस्ट अधिक चिकटणार. बिअर आंबली की ही माळ पिंपातल्या दाट यीस्टमध्ये बुडवायची आणि टांगून ठेवायची. यीस्ट वाळतं, खाचांत धरून राहतं आणि झोपी जातं. पुढच्या खेपेला माळ काढून कोमट गोड रसात सोडली की ते पुन्हा उठतं. कुणाकडे माळेऐवजी भोकं पाडलेला ओंडका असे, कुणाकडे गवताच्या पेंढ्याचं कडं, कुणी साधं कापडच वापरी. लाकूडकाम येणाऱ्या माणसानं हिवाळ्यात बसून घडवलेली ही वस्तू म्हणजे त्या घराची यीस्टची पेढी होती.

आता व्हॉसची रीत. सकाळी चुलीवर मोठा तांब्याचा हंडा चढतो. त्यात पाणी आणि जुनिपरच्या हिरव्या फांद्या. जुनिपर हे त्या डोंगरांत कुठेही उगवणारं काटेरी, सदाहरित झुडूप. फांद्या गरम पाण्यात मुरल्या की पाणी पिवळसर होतं आणि त्याला रानाचा वास येतो. साधं पाणी असं वापरतच नाहीत. भांडी याच पाण्यानं धुवायची, माल्ट याच पाण्यात भिजवायचा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. तो भरडून गरम पाण्यात तास-दीड तास ठेवला की दाण्यातल्या पिष्टाची साखर होते. मग हा लगदा ज्या पिंपातून गाळायचा त्याच्या तळाशीही जुनिपरच्याच फांद्या अंथरतात. वरून गरम पाणी, खालून तोटीतून गोड, चिकट रस. तो परत हंड्यात जातो आणि चांगला तीन-चार तास उकळतो. बाकीचे लोक तास-सव्वा तासात उकळणं थांबवतात. व्हॉसमध्ये रस आटेपर्यंत, सोनेरी रंग तांबूस-तपकिरी होईपर्यंत थांबायची रीत आहे. हॉप्सची कडवट फुलंही पडतात, पण हात राखून.

रस थोडा निवला की यीस्ट. थर्मामीटर नव्हता तेव्हा नुकत्याच काढलेल्या दुधाइतका कोमट, असा अंदाज असे. काही ठिकाणी यीस्ट सोडताना पिंपावर वाकून मोठ्यानं ओरडायची प्रथा होती. वाईट शक्ती पळाव्यात आणि बिअर जोरदार व्हावी म्हणून. आजही काही जण ओरडतात. काही तासांत पिंपावर फेस येतो, आणि दोन दिवसांनी बिअर पिंपातून काढायच्या वेळी शेजारीपाजारी हजर होतात. ती बिअर कोमट असते, फेस जवळजवळ नसतो, गोडी मात्र असते आणि मद्यार्कही भरपूर. ७-८ टक्क्यांपर्यंत ती सहज जाते, तेव्हा घोटाघोटानंच घ्यायची.

हे सगळं हौसेचं आहे, पण एके काळी ते कर्तव्य होतं. पश्चिम नॉर्वेच्या मध्ययुगीन गुलाटिंग कायद्यात शेतकऱ्यानं सणासाठी बिअर करावी असं कलमच होतं. न करणाऱ्याला दंड. सलग तीन वर्षं टाळणाऱ्याची मालमत्ताच जायची वेळ. ही बिअर ख्रिस्ताच्या आणि मेरीच्या नावानं, चांगलं पीक आणि शांतता मागत मंगल करायची. मला या कलमात धर्मापेक्षा शेती अधिक दिसते. ज्या घरी सणाची बिअर होते त्या घरी जव पिकला आहे, सरपण आहे, भांडी आहेत आणि चार माणसं बोलवायची ऐपत आहे.

मग ही यीस्टं गेली कुठे? युरोपभर शेतकऱ्यांच्या घरी बिअर होत होती, आणि प्रत्येक मुलखाचं आपलं यीस्ट असणार. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी कोपनहेगनमध्ये आहे. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ साली यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं. कार्ल्सबर्गनं ते लपवून ठेवलं नाही, इतर कारखान्यांनाही दिलं. शोध मोठा होता. नासणाऱ्या बिअरचं प्रमाण कमी झालं, दर खेपेला तीच चव मिळू लागली. पण त्याबरोबर अनेक वाणांच्या जुन्या मिश्रणांची किंमत संपली. दुकानात यीस्टची वडी मिळायला लागल्यावर घरचं वाळवत कोण बसणार? एखाद्या म्हातारीनं माळ टांगायचं सोडलं, की त्या घरात शेकडो वर्षांची साखळी तुटली. ती तुटताना आवाज होत नाही, म्हणून तिची नोंदही होत नाही.

नॉर्वेतली दोन ठिकाणं शेजारी ठेवली की हे नीट दिसतं. मध्य नॉर्वेतल्या स्ट्योर्डालमध्ये शेतकरी अजून स्वतः माल्ट करतात. जव भिजवायचा, मोड आणायचे आणि लाकडी फळ्यांच्या भट्टीवर पसरून खाली अल्डरची लाकडं पेटवायची. त्यांच्या बिअरला धुराची अशी चव असते की एकदा चाखलेली विसरत नाही. पण त्यांचं यीस्ट हरवलं. ते आज पावाचं यीस्ट वापरतात. व्हॉसमध्ये नेमकं उलट: यीस्ट वाचलं, पण घरी माल्ट करणं गेलं, तो विकत येतो. परंपरा वाचली असं आपण सहज म्हणतो तेव्हा तिचा कुठला हात शाबूत आहे आणि कुठला गेला हे विचारायला हवं.

ऑड नॉर्डलँड या अभ्यासकानं गावोगावच्या लोकांनी प्रश्नावल्यांना लिहून पाठवलेल्या उत्तरांच्या आधारे १९६९ साली नॉर्वेच्या बिअर परंपरेवर ग्रंथ लिहिला. त्यात माळा, ओंडके, ओरडणं सगळं आहे. तरी बिअरच्या जगानं त्याकडे चार दशकं फारसं पाहिलं नाही. पाहिलं ते लार्स मारिउस गार्शोल यांनी. हे व्यवसायानं सॉफ्टवेअरवाले, बिअर ही आवड. २०१४च्या सुमारास ते व्हॉसला गेले, येर्नेस यांच्याबरोबर बिअर केली, यीस्ट घेऊन आले आणि इंग्लंडच्या नॉरिचमधल्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहाकडे पाठवलं. मग ते खेड्यापाड्यांतून हिंडत राहिले. कुणाच्या फ्रीजरमध्ये बरणी आहे, कुणाच्या कपाटात पापुद्रे आहेत, याची त्यांनी क्रमवार यादी केली. यादीत पहिला क्रमांक येर्नेस यांच्या यीस्टचा. २०२०मध्ये या सगळ्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. विद्यापीठाचं पद किंवा मोठं अनुदान पाठीशी नसताना एका हौशी माणसानं केलेलं हे काम मला अतिशय मोलाचं वाटतं. आणखी वीस वर्षं उशीर झाला असता तर त्यातली कितीतरी घरं बंद झालेली असती.

विज्ञानाची साक्ष मागून आली. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाशी संबंधित रिचर्ड प्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की क्वाइकची वाणं ही माणसाळलेल्या यीस्टची एक वेगळी शाखा आहे. माणसाळलेली हा शब्द इथे महत्त्वाचा. रानटी यीस्ट बहुधा बिअरमध्ये लवंगेसारखा वास सोडतं. क्वाइकनं तो गुण टाकून दिला आहे, कारण शेकडो वर्षं कुणीतरी चव घेऊन चांगलं तेवढंच पुढे ठेवत आलं. २०२२च्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं की क्वाइकच्या पेशी ट्रेहॅलोज नावाची साखर जास्त साठवतात. ही साखर पेशीला उष्णतेत आणि कोरडेपणात सांभाळते. लाकडी माळेवर महिनोन्‌महिने वाळत पडायचं आणि मग एकदम गरम रसात उडी घ्यायची, हे ज्या पेशीला जमलं तीच पुढच्या सणापर्यंत पोचली. त्या शेतकऱ्यांनी निवड केली ती प्रयोग म्हणून नव्हे. त्यांना नाताळपर्यंत बिअर तयार हवी होती, आणि मोठ्या लाकडी पिंपातला रस गार व्हायची वाट पाहायला वेळ नव्हता.

आज लालमाँ ही कॅनडाची कंपनी व्हॉसचं यीस्ट वाळवून पाकिटात विकते. येर्नेस १९८०च्या दशकापासून ते जुन्या पद्धतीनं सांभाळत आले आणि त्यांनी ते मोकळ्या मनानं दिलं, हे कंपनी आपल्या माहितीपत्रकात सांगते. पाकीट उत्तम आहे. त्यामुळे ज्यांच्या गॅरेजमध्ये उन्हाळ्यात ३५ अंश असतात अशा लोकांनाही फ्रिजशिवाय चांगली बिअर करता येते. पण पाकिटात एकच निवडलेलं वाण असतं आणि घरच्या क्वाइकमध्ये बहुधा अनेक वाणं एकत्र नांदतात. त्यातलं एखादं आधी जोर धरतं, दुसरं शेवटी उरलेली साखर संपवतं, तिसरं वासाला काही देतं. एकाला वेगळं काढलं की हिशेब नेमका होतो आणि संगत जाते. मला विचाराल तर शक्य असेल तिथे मिश्रणच मिळवावं.

शक्य असेल तिथे, हे मुद्दाम म्हणतो. महाराष्ट्रात हा नाद करता येत नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं दहा लिटर का असेना. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८मध्ये सही केलेल्या कायद्यानं केंद्राची आडकाठी गेली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मुभा मिळाली. तरी सगळी राज्यं वळणावर यायला २०१३ उजाडलं. त्यामुळे ह्यूस्टनमधल्या किंवा मेलबर्नमधल्या मराठी माणसाला, तिथल्या नियमांत राहून, हे यीस्ट घरी ठेवता येईल. उन्हाळ्याची भीती बाळगायचं तर कारणच नाही.

त्याच्यासाठी रीत लिहून ठेवतो. बिअर आंबून झाली की वरची पिंपभर बिअर हळूच काढून घ्यावी. तळाशी दुधी, दाट साका राहतो. क्वाइकची काही घराणी फेसातून यीस्ट घेतात, काही तळातून. देणाऱ्यानं जे सांगितलं असेल तेच पाळावं, कारण जागा बदलली की मिश्रणातली वाणंही हळूहळू बदलतात. हा साका बेकिंग पेपरवर चमच्यानं अगदी पातळ पसरावा, पापडाच्या लाटीहूनही पातळ, आणि धूळ बसणार नाही अशा जागी पंख्याखाली वाळू द्यावा. जाड थर आतून ओला राहतो आणि कुजतो. दोन-एक दिवसांत कागद वाकवला की तडे जातात, तपकिरी पापुद्रे सुटतात आणि बोटांत चुरले की संत्र्याचा वास येतो. ते हवाबंद बरणीत भरावेत, बरणीवर तारीख आणि कुणाकडून मिळालं ते नाव लिहावं आणि बरणी फ्रीजरमध्ये ठेवावी. वीस लिटरला चमचाभर पापुद्रे पुरतात. निम्मे दुसऱ्या कुणाला तरी द्यावेत. आपले वाया गेले तर मागायला तेच घर उपयोगी पडतं.